बिननावाची डबी

एप्रिल संपत आला की चिपळुणातल्या आमच्या मोहल्ल्यात बॅगा उघडण्याचा हंगाम सुरू होतो. कुवेत, कतार, दुबई, सौदीहून माणसे सुटीवर येतात, मेमधली लग्ने गाठतात. दूध पावडरचे डबे, खजूर, अत्तराच्या बाटल्या, मुलांना चॉकलेट आणि बायकांसाठी काही ना काही 'लावायचे'. आम्ही या मासिकात अधूनमधून साजशृंगारावर लिहितो हे कळल्यापासून त्यातले बरेचसे सामान आमच्या ओटीवर येते. "टीचर, जरा बघून सांगा." आम्ही पेशाने शिक्षक, विज्ञान आणि उर्दू शिकवतो. सौंदर्यतज्ज्ञ वगैरे नव्हे. पण डबीवरचे बारीक अक्षर वाचायची सवय आहे आणि तेवढ्या भांडवलावर आमचे बरे चालले होते.

मागच्या आठवड्यात आलेल्या वस्तू टेबलावर मांडल्या तर अशा होत्या : 'वुजू होणारे' म्हणून मिळणारे नेलपॉलिश, सुरम्याची पुडी, उदाचे अत्तर, मेंदीची दोन किलो पूड आणि एक पांढरी क्रीमची डबी. लेख लिहायचा होता तो नेलपॉलिश आणि मेंदीवर.

तर आधी नेलपॉलिश, कारण वाचक भगिनींची पत्रे त्याच्याबद्दलच जास्त येतात. वुजूचे पाणी नखाला लागले पाहिजे, यावर कुणाचे दुमत नाही. साध्या नेलपॉलिशचा थर पाणी अडवतो. पोलंडच्या इंग्लॉट कंपनीने काही वर्षांपूर्वी हवा आणि वाफ आत जाऊ देणारे नेलपॉलिश काढले. ते नखांच्या आरोग्यासाठी होते. पण २०१३ च्या सुमारास जगभरच्या मुस्लिम बायकांत त्याचा बोलबाला झाला. अमेरिकेतल्या एका आलिमांनी ते कॉफी गाळायच्या कागदावर लावून पाणी खाली उतरते का, ते पाहिले होते. त्यानंतर तसे म्हणवणाऱ्या पुष्कळ बाटल्या बाजारात आल्या. त्यांतलीच एक आमच्याकडे आली होती.

नववीच्या परीक्षा संपल्या होत्या, निकालाची कामे सुरू होती. आठ-नऊ मुली मेंदीच्या कामासाठी शाळेत येत होत्या. त्यांनाच हा प्रयोग दिला. प्रयोगशाळेतला गाळण कागद घेतला. एक तुकडा कोरा, एकावर साधे नेलपॉलिश, एकावर हे नवे, दोन-दोन हात. वाळल्यावर प्रत्येकावर पाण्याचा थेंब ठेवला. कोऱ्या कागदातून पाणी लगेच उतरले. साध्याचा थेंब मोत्यासारखा बसून राहिला. नव्याचाही बसून राहिला. दहा मिनिटांनी कागद उलटा करून बघितला, कोरडा. मग एका मुलीने वुजूत चोळतो तसे बोटाने चोळून पाहिले, तेव्हा खालच्या बाजूला जेमतेम ओल जाणवली. ती पाण्याची की बोटाच्या घामाची, यावर मुलींचे भांडण लागले. आम्ही तो वाद मिटवला नाही. वाफ जाणे वेगळे आणि पाणी पोहोचणे वेगळे, एवढे त्यांना कळले. मसला आलिमांना विचारावा. पण आमच्या टेबलावरच्या बाटलीवर विसंबून आम्ही तरी नमाज पढणार नाही. नमाजेची सुटी असते त्या दिवसांत लावावे, गुसलच्या आधी काढावे, ही आपल्या आयांची जुनी रीत अजून तरी सगळ्यांत स्वस्त आहे.

मेंदीचे काम मोठे होते. मेमधल्या लग्नांसाठी मुलींनी स्वतः कोन करून विकायचे, आलेल्या पैशातून शाळेच्या वाचनालयाला पुस्तके घ्यायची, अशी योजना. पूड राजस्थानातल्या सोजतची होती. तिथल्या मेंदीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पूड कापडातून दोनदा चाळली, लिंबाच्या रसात थोडी साखर घालून भिजवली, रात्रभर झाकून ठेवली. पानात लॉसोन नावाचे रंगद्रव्य असते. आंबट रसात ते हळूहळू सुटते आणि कातडीतल्या केराटिनला जाऊन चिकटते. मेंदी काढली की हात आधी नारिंगी दिसतो. हवा लागून एक-दोन दिवसांत गडद होतो. म्हणून नवरीची मेंदी दोन दिवस आधी काढतात. आपल्या दादी-नानींना रसायनशास्त्र कुणी शिकवले नव्हते, तरी दिवस बरोबर धरत.

हे सगळे मुलींना सांगायचे कारण म्हणजे बाजारातले पाच मिनिटांत काळे करणारे कोन. मेंदी काळी नसते. झटपट काळा रंग देणाऱ्या कोनांत बहुधा पीपीडी नावाचे द्रव्य घालतात. केस काळे करायच्या रंगात असते तेच. काही वर्षांपूर्वी ईदच्या दुसऱ्या दिवशी आमच्या वर्गात एक मुलगी आली होती. हातावर जिथे जिथे वेल काढली होती, तिथे तिथे वेलीच्याच आकाराचे फोड. महिन्याने फोड गेले, पण डाग राहिला. आणि एकदा या द्रव्याची ॲलर्जी जडली की पुढे केसांचा रंगही लावता येत नाही. खऱ्या मेंदीचा लगदा खोलीत ठेवला तर काही दिवसांत रंग सोडायचा थांबतो. जो कोन सहा महिने दुकानात टांगलेला असूनही रंगतो, त्यात पाल्यापेक्षा दुसरेच काहीतरी असणार. आमचे कोन आम्ही फ्रीजरमध्ये टाकले. फ्रीजर आमच्याच घरचा, मटार आणि कोळंबीच्या शेजारी. तान्ह्या बाळाच्या तळव्यांना मात्र खरी मेंदीही लावू नये. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे एन्झाइम जन्मतः कमी असते आणि अशा बाळांच्या रक्तपेशी मेंदीने फुटल्याच्या नोंदी आहेत.

सुरम्याबद्दल थोडक्यात. सुरमा लावणे आपल्याकडे सुन्नत म्हणून चालत आले आहे, त्यामुळे बोलायला लोक बिचकतात. किताबांत ज्याचा उल्लेख येतो तो इस्मिद, म्हणजे अँटिमनीचा दगड, असे मानतात. बाजारात चमकणारा काळा सुरमा पुष्कळदा शिशाचा असतो. तपासलेल्या काही नमुन्यांत निम्म्याहून जास्त शिसे निघाले आहे. मूल डोळे चोळते, तेच बोट तोंडात घालते. आमच्याकडे आलेल्या पुडीवर ना घटक, ना बनवणाऱ्याचे नाव, ना पत्ता. आम्ही ती परत केली. अत्तर चांगले होते, ठेवून घेतले.

राहिली डबी.

बुधवारी असरनंतर आमची एक जुनी विद्यार्थिनी आणि तिची आई आल्या. मुलीचे बी. कॉम. झालेले, जानेवारीत मंगनी, मेच्या तिसऱ्या आठवड्यात निकाह ठरलेला. मुलीला बघून आम्ही क्षणभर ओळखलेच नाही. डोळ्यांखाली सूज, पापण्या जड, पायांत चप्पल रुतलेली. आई म्हणाली, महिनाभर असेच आहे. आधी वाटले जागरण, मग वाटले रमजानचा थकवा, मग कुणी म्हणाले नजर. लघवीला फेस येतो हे मुलीने लाजून सांगितलेच नव्हते. मग मोठ्या डॉक्टरांकडे नेले. रिपोर्टमध्ये लघवीतून प्रथिने जात असल्याचे निघाले. त्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, जो आधीच्या दोघांनी विचारला नव्हता : "चेहऱ्याला काय लावतेस?"

क्रीम बंद करा आणि डबी घेऊन या, असे त्यांनी सांगितले होते. डबी डॉक्टरांकडे न्यायच्या आधी आमच्याकडे आली. का, तर टीचर डब्या वाचते.

डबीवर कंपनीचा पत्ता नव्हता, बॅच नव्हती, तारीख नव्हती, घटक नव्हते. झाकणावर एका सुंदर बाईचे चित्र. तळाला मात्र उर्दूत तीन-चार बारीक ओळी होत्या. मुलगी मराठी शाळेत शिकलेल्या आईची, पुढे कॉलेज मराठी-इंग्रजीचे. शाळेतले उर्दू दोघींचेही मागे पडलेले. आम्ही चष्मा लावून वाचल्या. रात्री झोपताना लावा, सकाळी धुवा, उन्हात जाऊ नका. आणि शेवटची ओळ अशी, की लावण्याआधी सोन्याचांदीचे दागिने उतरवून ठेवावेत.

आई लगेच म्हणाली, "हो, ते मामीने सांगितलेच होते. काढूनच लावते ती."

सोनेचांदी आणि पारा. पाऱ्याचा सोन्याशी, चांदीशी संयोग होतो, दागिना पांढरट पडतो, हे आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो. फळ्यावर लिहितो, परीक्षेत विचारतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीपत्रकातही हीच खूण दिली आहे : सोने, चांदी, ॲल्युमिनियम, रबर यांना लागू देऊ नका अशी सूचना डबीवर असेल, तर आत पारा असण्याची शक्यता धरा. डबीत पारा आहे की नाही ते प्रयोगशाळाच सांगेल. पण आमचे हात गार पडले. कारण जानेवारीत मंगनीच्या दिवशी याच मुलीची हनुवटी धरून आम्ही म्हणालो होतो, "माशाअल्लाह, चेहऱ्यावर काय नूर आलाय!" आणि आम्ही म्हणालो म्हणून तिच्या अम्मीने दुसरी डबी मागवली होती. ते तिने त्या दिवशी सहज बोलता बोलता सांगितले, दोष द्यायला म्हणून नव्हे.

पारा रंग कसा उजळवतो, ते समजून घेतले पाहिजे. कातडीचा रंग मेलॅनिनचा. ते बनायला एक एन्झाइम लागते, पारा त्या एन्झाइमलाच अडवतो. त्यामुळे फरक खरोखर दिसतो, तोही दोन-तीन आठवड्यांत, आणि इथेच घोटाळा होतो. ज्या क्रीमचा काहीच उपयोग नसतो ती आपण फेकून तरी देतो. ही मात्र काम करते, म्हणून दुसरी डबी येते, मग तिसरी. तोवर पारा कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो. मूत्रपिंडाची गाळणी गळू लागली की जी प्रथिने रक्तात राहायला हवीत ती लघवीतून जातात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळे सुजतात, संध्याकाळी घोटे. रक्ताच्या गुठळ्याही होऊ शकतात.

केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातले कोट्टक्कल हे गाव. तोही आमच्यासारखाच आखाताशी बांधलेला मुलूख. तिथल्या मूत्रपिंडतज्ज्ञांच्या लक्षात आले की गाळणीच्या एका ठरावीक आजाराचे रुग्ण वाढत आहेत. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात त्यांनी असे २२ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या १५ जणांत आजाराचा एक दुर्मीळ प्रकार निघाला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे करणारी क्रीम लावत असल्याचे सांगितले. एकाला मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली होती. हा अभ्यास 'किडनी इंटरनॅशनल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात दिलासा देणारी गोष्ट एकच, की क्रीम थांबवल्यावर बहुतेकांचा आजार उतरला. आपल्या महाराष्ट्रातही २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याच्या एका घरातल्या मायलेकींची बातमी आली होती. तिघींच्याही मूत्रपिंडाला त्रास आणि तिघींची क्रीम एकच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्याचा उलगडा झाला. ती बातमी आम्ही तेव्हा वाचली होती. वाचून घडी करून ठेवली होती.

डबी आम्ही पिशवीत घालून बांधली, त्यांच्या हाती दिली, डॉक्टरांना नक्की दाखवा म्हणालो. त्या गेल्या आणि मगरिबच्या वुजूला बसलो असताना आठवले, की हीच डबी, हेच चित्र, आमच्याही घरात आले होते. मागच्या वर्षी भाभीने कतारहून आणली होती. आम्हाला काही लावायचा कंटाळा, म्हणून न उघडताच दिवाळीला फराळाच्या बदल्यात पार्लरवाल्या ताईंना दिली होती. शेवया-सुकामेव्याच्या डब्यासोबत, छान कागदात गुंडाळून.

या ताईंशी आमची ओळख बारा-तेरा वर्षांची, पण ओळखच. एस. टी. स्टँडकडच्या गल्लीत एक खोली, दोन खुर्च्या, पडदा. आम्ही भुवया करायला जायचो, ईदला शीरखुर्मा पाठवायचो, दिवाळीला चकल्या यायच्या. याच्यापुढे काही नाही. गुरुवारी शाळा सुटल्यावर तिथे गेलो. गिऱ्हाईक जाईपर्यंत बाकड्यावर बसून राहिलो. मग सांगितले.

ताई काही बोलल्या नाहीत. खणातून डबी काढली. अर्धी रिकामी होती. त्यांनी ती स्वतः लावली होती, ब्लीच केल्यावर गिऱ्हाइकांना लावली होती आणि रिझल्ट बघून एका गिऱ्हाइकाकरवी आणखी तीन मागवल्या होत्या. बराच वेळ डबीकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाई, तुम्हीच तर दिलीत. मी म्हटलं, बाई डब्या वाचून देतात."

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. वाचली नव्हती, एवढेच खरे होते ते सांगितले. आतल्या खोलीत त्यांची सहा वर्षांची नात झोपली होती, आजीच्या उशीवर डोके ठेवून. तिच्यासाठीच पुढचे सांगणे भाग पडले, की पारा उडतो. तो टॉवेलला, उशीच्या अभ्र्याला, हाताला लागतो, खोलीच्या हवेत मिसळतो. अमेरिकेत २०१० साली कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियातल्या काही घरांत तपासणी झाली, तेव्हा मेक्सिकोहून आलेली अशी क्रीम न लावणाऱ्या माणसांच्या, लहान मुलांच्याही लघवीत पारा वाढलेला सापडला होता. हे ऐकल्यावर ताई उठल्या. उशीचे अभ्रे, चादर, टॉवेल काढले, वेगळ्या बादलीत टाकले. डब्या प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधल्या. आम्ही दोघींनी साबणाने हात धुतले. मग त्यांनी पार्लरची वही काढली आणि नावे शोधायला बसल्या. कुणाला कधी काय लावले, हे सगळे वहीत होते. आमच्या कित्येक सरकारी दप्तरांपेक्षा ती वही नीट होती.

सात नावे निघाली. शुक्रवारी आणि शनिवारी आम्ही दोघी मिळून त्यांच्या घरी गेलो. फोनवर सांगण्यासारखे ते नव्हते. एका घरी चहा मिळाला, एका घरी दारातूनच "तुमच्यामुळे" ऐकून घ्यावे लागले, तिथे ताई मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि आम्ही म्हणालो, "यांच्यामुळे नाही, आमच्यामुळे." दोघींच्या कपाटात दुसऱ्याच नावांच्या, दुसरीकडून आलेल्या तशाच डब्या निघाल्या. एकीकडे डबी नव्हती, औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडची ट्यूब होती. तोही वेगळाच रोग. अशा चौदा स्टेरॉइड मलमांना २०१८ पासून डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची आहे, तरी ती गोरेपणासाठी हातोहात खपतात. चेहरा पातळ, लाल, केसाळ होतो आणि बंद केली की जास्तच भडकतो. त्या बाईला त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले, एकदम बंद करू नका, विचारून करा, असेही. सातही जणींना लघवी तपासून घ्या म्हणालो. ताईंनी स्वतःची आणि नातीची आधीच दिली होती. दोघींच्या लघवीत प्रथिने नाहीत, अल्हम्दुलिल्लाह. पाऱ्याची तपासणी निराळी. त्याचे डॉक्टरांना विचारून ठरवणार आहेत.

परतताना ताईंनी रिक्षात विचारले, "तुमच्यात पण मुलीचा रंग बघतात का हो? मला वाटायचं, तुमच्यात बुरखा असतो, तर तेवढं नसेल."

बघतात. आमच्यातही बघतात. हज्जतुल विदाच्या खुत्ब्यात गोऱ्याला काळ्यावर आणि काळ्याला गोऱ्यावर काही श्रेष्ठत्व नाही हे सांगितले गेले, ते आम्ही दरवर्षी मिलादच्या जलशात मुलांकडून पाठ करून घेतो. हजरत बिलाल यांच्यावर निबंध लिहून घेतो, बक्षीसही देतो. आणि त्याच मोहल्ल्यात पैगाम आला की पहिला प्रश्न, "लडकी साफ है ना?" बायोडेटात शिक्षणाच्या वर रंगाचा रकाना. या देशात 'फेअर अँड लव्हली' १९७५ मध्ये आली. २०२० मध्ये तिच्या नावातला 'फेअर' गेला. आमच्या बायोडेटातला अजून गेलेला नाही. गेल्या वर्षी आम्हीच आमच्या पुतण्यासाठी स्थळ बघताना फोनवर काय विचारले होते, ते रिक्षात आठवले. ताईंना सांगितले नाही. इथे लिहितो.

मामीला कळवणे हे त्या मुलीच्या अम्मीला सगळ्यांत अवघड गेले. मामी कुवेतला असते, दर सुटीला भरभरून आणते, भाचीवर जीव. फोनवर ती आधी रागावली, "मी काय जहर देईन का?" मग थांबली. ती स्वतः तीन वर्षे तेच लावते. तिला आम्ही एवढेच म्हणालो, की तुम्हीही तपासून घ्या, आणि पुढच्या वेळी येताना अत्तर आणा.

ज्या भगिनींच्या कपाटात अशी डबी असेल त्यांच्यासाठी थोडे कामाचे. आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत आलेला असला तरी दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांची मर्यादा निराळी आहे. परदेशातून रीतसर आलेल्या मालावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असतो. इथे बनलेल्यावर उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटक. पाहुण्याच्या बॅगेतून आलेल्या डबीवर यातले काही नसते, कारण ती कुणाच्या तपासणीतून गेलेलीच नसते. घटकांत कॅलोमेल, मर्क्युरिक आयोडाइड, अमोनिएटेड मर्क्युरी असे शब्द दिसले तर तो पाराच. पण घटकच छापलेले नसतील, तर शब्द शोधत बसू नका. डबी केराच्या टोपलीत किंवा मोरीत रिकामी करू नका; बंद पिशवीत बांधून मुलांपासून दूर ठेवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात कळवा. लघवीला फेस येत असेल तर लाज बाजूला ठेवून लघवीची साधी तपासणी करून घ्या. अशी तपासणी जवळपास कुठल्याही लॅबमध्ये होते. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपण होऊन सांगा, चेहऱ्याला काय लावता ते.

मुलीची डबी डॉक्टरांनी तपासणीसाठी पाठवली आहे. तिला गोळ्या सुरू आहेत, मीठ कमी, दर पंधरवड्याला लघवीची तपासणी. पहिल्या दोन आठवड्यांत सूज थोडी उतरली. गालांचा मूळ रंग कडेने परत येऊ लागला आहे. तिच्या अम्मीने निकाहाची तारीख पुढे ढकलण्याचा निरोप मुलाच्या घरी पाठवला आणि कारणही खरे तेच सांगितले. आम्ही तसे सांगा म्हणालो होतो. तिकडून, हे लिहीपर्यंत, उत्तर आलेले नाही. मुलाने मात्र तिला एकदा फोन केला. काय बोलणे झाले ते तिने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

रविवारी सकाळी मुली कोन घ्यायला आमच्याकडे आल्या. पहिले गिऱ्हाईक पार्लरवाल्या ताई. वीस कोन रोख पैसे देऊन घेतले. काळे कोन त्यांनी दुकानातून काढून टाकले आहेत, म्हणून गिऱ्हाइके कुरकुरतात म्हणे. मुली कोन मोजत असताना ती आली. दुपट्टा नेहमीसारखा घेतलेला, चेहरा धुतलेला, काही न लावलेला. फ्रीजर उघडाच होता. कोन बघून म्हणाली, "टीचर, माझ्यासाठी दोन बाजूला ठेवा. तारीख ठरली की न्यायला येईन."

ते दोन कोन आम्ही सगळ्यांत खाली, बर्फाच्या ट्रेखाली ठेवले आहेत.